घरच्या एका संगणकावर नेटवर्कचा पाया



पदविका किंवा बी. एस्सी. संपवून मुलगा अगर मुलगी घरी येते आणि म्हणते, “मला नेटवर्क प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. शहरात क्लास लावावा लागेल.” घरात लगेच दोन विचार सुरू होतात. फीचे पैसे कोठून आणायचे, आणि हे शिक्षण आहे तरी कशाचे? पैसे भरण्याची घाई करू नये. या विद्येचा पाया घरच्या एका साध्या संगणकावर, इंटरनेट बंद असतानाही घालता येतो. तो पक्का झाला की नाही, याची परीक्षा तर ज्यांनी कधी संगणकाला हात लावलेला नाही त्या आईवडिलांनाही घेता येते. ती कशी, ते शेवटी सांगितले आहे.

हे शिक्षण कशाचे?

एका संगणकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमशी बोलतो, तो व्यवहार लिहिण्याची ही विद्या. समजा, दूध संकलन केंद्रावरच्या संगणकातून लिटर आणि फॅटचे आकडे संघाच्या कचेरीत जात आहेत. ते आकडे बिनचूक पोहोचवण्याचे काम कोणा प्रोग्रॅमरने लिहिलेले असते.

टेबलावरच्या संगणकाचा मूळ कारभार विंडोज, लिनक्स किंवा मॅक अशी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. बाहेर बोलायचे असेल तर प्रोग्रॅमला तिच्याकडून एक दार मागून घ्यावे लागते. या दाराला सॉकेट म्हणतात. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ साली युनिक्सच्या आपल्या आवृत्तीत ही पद्धत आणली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तीच पद्धत ‘विनसॉक’ नावाने विंडोजवर आली. मॅकच्या आजच्या सिस्टिममध्येही बर्कलीचाच वारसा आहे आणि लिनक्सनेही हीच रीत घेतली. त्यामुळे एकदा नीट शिकलेले तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते. चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही रीत आहे. दरवर्षी बदलणारी नव्हे.

सुरुवात कशी करावी?

दोन प्रोग्रॅम लिहावयाचे. एक सेवा देणारा, त्याला सर्व्हर म्हणतात. दुसरा सेवा मागणारा, तो क्लायंट. सर्व्हरने प्रथम सॉकेट घ्यायचे, मग त्याला पत्ता व खिडकीचा क्रमांक बांधायचा (बाइंड), मग कान देऊन बसायचे (लिसन) आणि जो येईल त्याला आत घ्यायचे (ॲक्सेप्ट). क्लायंटने सॉकेट घेऊन त्या पत्त्याशी जोडणी करायची (कनेक्ट). पुढे दोघांनी पाठवायचे आणि घ्यायचे, आणि काम संपल्यावर दार बंद करायचे.

खिडकीच्या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. तो ६५५३५ पर्यंत असू शकतो. १०२४ च्या खालचे क्रमांक ठरीव कामांसाठी राखलेले असल्याने शिकताना ९००० सारखा वरचा क्रमांक घ्यावा. पत्ता लिहावा १२७.०.०.१. प्रत्येक संगणकाचा हा स्वतःचाच पत्ता असतो. त्यावर पाठवलेले बाहेर कोठेच जात नाही, त्याच यंत्रात परत येते. म्हणूनच एका संगणकावर दोन्ही प्रोग्रॅम चालवून सगळा सराव करता येतो.

भाषा कोणती, असे मुले विचारतात. आरंभी पायथन बरी, कारण थोड्या ओळींत काम दिसते. ते जमले की तेच दोन प्रोग्रॅम सी भाषेत पुन्हा लिहावेत, म्हणजे आत काय चालते ते कळते. दोन्हींची साधने फुकट मिळतात. ती उतरवून घेण्यापुरते एकदा इंटरनेट लागते. ब्रायन हॉल यांचे ‘बीज’ज गाइड टू नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ हे इंग्रजी पुस्तकही फुकट आहे. ‘बीज’ हे त्यांचे टोपणनाव. आपल्याला मात्र ते पेरणीचे वाटेल. पुढच्या अभ्यासाला डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांचे १९९० साली निघालेले ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ आहे. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचाराव्यात.

पाटाच्या पाण्याचा धडा

येथपर्यंतचे काम चार-आठ दिवसांत होते आणि मुलांना वाटते, आले. खरी विद्या येथून पुढे आहे, आणि ती शेतकऱ्याच्या घरात लवकर समजावी अशी आहे.

माहिती पाठवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक यूडीपी. ती पोस्टकार्डासारखी: प्रत्येक कार्ड सुटे जाते, एखादे गहाळ होईल, एखादे मागाहूनचे आधी पोहोचेल. दुसरी टीसीपी. ती पाटाच्या पाण्यासारखी. जोडणी शाबूत असेतो पाणी वाटेत सांडत नाही आणि पुढचे मागे होत नाही. पण वरच्या टोकाला दोन घागरी ओतल्या म्हणून खालच्या टोकाला दोनच घागरी मोजून मिळतील असे नाही. कधी अर्धी कळशी येईल, कधी दोन्ही घागरींचे पाणी एकदम येईल. कोणती घागर कोठे संपली, हे पाटाला ठाऊक नसते.

आता दुधाचा आकडा घ्या. केंद्रावरून १२५ लिटर असा आकडा निघाला. कचेरीतल्या प्रोग्रॅमने एकदा हात पुढे केला तेव्हा ‘१२’ एवढेच आले होते. ‘५’ क्षणभराने येणार होता. प्रोग्रॅम कच्चा असेल तर तो १२ लिटर मांडून मोकळा होईल. घरी सराव करताना ही चूक बहुधा दिसत नाही, कारण एकाच यंत्रात लहान आकडा सहसा एकदम पोहोचतो. खऱ्या लाईनवर ती कधीतरी उमटते, आणि नुकसान ज्याचे दूध त्याचे होते.

यावर उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंनी आधी करार करावा. एकतर प्रत्येक निरोपाच्या शेवटी ठरलेली खूण ठेवावी, नाहीतर निरोपाआधी त्याची लांबी सांगावी. घेणाऱ्याने तेवढे पुरते भरेपर्यंत पुन्हा पुन्हा घेत राहावे. पाठवणाऱ्यानेही एका हुकमासरशी सगळे गेले असे धरून चालू नये. किती गेले ते पाहून उरलेले पुन्हा पाठवावे.

मराठीत निरोप धाडताना आणखी एक काळजी घ्यावी. संगणक लांबी अक्षरांत मोजत नाही, बाइटमध्ये मोजतो. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णखूण ३ बाइट घेते. ‘शेतकरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. मात्रा व वेलांटी धरून त्यात ६ खुणा होतात, म्हणजे १८ बाइट. लांबी ४ सांगितली तर पलीकडे ‘श’ आणि पुढच्या मात्रेचा एक तुकडा एवढेच हाती लागेल. इंग्रजी शब्दांवरच सराव करणाऱ्याला हे उशिरा कळते. आपल्या मुलांनी पहिल्या दिवसापासून मराठीत निरोप पाठवावेत.

तिन्ही सिस्टिममधला फरक

सांगाडा एक असला तरी प्रांताप्रांताची बोली निराळी असते. सी भाषेत विंडोजवर काम करताना आरंभी विनसॉक सुरू करण्याचा एक वेगळा हुकूम द्यावा लागतो. लिनक्स व मॅकवर तो लागत नाही. दार बंद करण्याचे आणि चूक विचारण्याचे हुकूमही वेगळे आहेत. प्रोग्रॅम बंद करून लगेच पुन्हा चालवला की लिनक्सवर ‘पत्ता वापरात आहे’ अशी तक्रार येते. त्यासाठी ‘रियुजॲडर’ नावाची सवलत मागतात. विंडोजवर त्याच नावाची सवलत घेतली तर दुसरा प्रोग्रॅमही तीच खिडकी बळकावू शकतो. नाव सारखे म्हणून अर्थ सारखा धरू नये. विंडोजने ‘या प्रोग्रॅमला नेटवर्कवर येऊ द्यायचे का’ असे विचारल्यास फक्त खासगी नेटवर्कपुरती परवानगी द्यावी.

घरच्यांनी घ्यावयाची परीक्षा

मुलाला किंवा मुलीला म्हणावे, तुझे दोन प्रोग्रॅम चालू करून दाखव. मग पुढील चार गोष्टी करावयास सांगाव्यात.

१) मराठीतला एक लांबलचक मजकूर पाठव, पानभर पुरणार नाही, शंभर पाने पाठव. पलीकडे शेवटचे अक्षर जसेच्या तसे आले का?

२) बोलणे चालू असताना एक प्रोग्रॅम मध्येच बंद कर. दुसरा गोंधळून पडतो, की ‘समोरचा गेला’ असे सांगून नीट थांबतो?

३) एकाच वेळी दोन क्लायंट लाव. पहिला गप्प बसून राहिला तर दुसऱ्याचे काम अडते का?

४) मित्राचा संगणक तारेने जोड आणि चालू कामात तार काढ. किती वेळ वाट पाहायची, हे प्रोग्रॅमला ठाऊक आहे का?

या चारही गोष्टी नीट झाल्या तर पाया झाला असे समजावे. रोज दीड-दोन तास नेमाने बसणाऱ्याला दोनेक महिने पुरावेत. त्यानंतर क्लास हवाच असेल, तर तेथे जाऊन हेच चार प्रश्न शिकवणाऱ्यांना विचारावेत. ते फक्त प्रमाणपत्राचा नमुना आणि नोकरीची हमी दाखवू लागले, तर फी खिशातच ठेवावी.

एक ताकीद. हा सराव स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या संगणकावरच करावा. दुसऱ्याच्या यंत्रात गैरहेतूने शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंमत म्हणून केले, हे तेथे कोणी ऐकून घेत नाही.

एवढ्यावर लगेच नोकरी मिळेल असे कोणी समजू नये. पण गावातल्या मुलांची एक बाजू जमेची आहे. आपल्याकडे वीज जाते, लाईन तुटते, रेंज येते-जाते. जो प्रोग्रॅम हे सगळे सोसून आकडा शाबूत पोहोचवतो, तोच खरा. आणि तशी परीक्षा आपल्या घरात आठवड्यातून चार वेळा आपोआप होते. तेव्हा वीज गेली म्हणून मुलाने वैतागून उठू नये. ती परत आली की आधी पाहावे, अर्ध्यावर राहिलेल्या निरोपाचे काय झाले.