शोभेची शस्त्रे आणि आम्लाची करामत

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांमध्ये शस्त्रांच्या दालनात आपण तलवारी आणि चिलखतांपाशी रेंगाळतो. उंच दांड्यांवर बसवलेली, सोनेरी वेलबुट्टीची पाती मात्र 'शोभेची' म्हणून सोडून देतो. माझ्या मते विज्ञानाची आवड असणाऱ्याने नेमके तिथेच थांबावे.

हॅल्बर्ड म्हणजे लांब दांड्यावर कुऱ्हाड, भाल्याचे टोक आणि मागे आकडा. बंदुका सुधारल्या तसे रणांगणावर त्याचे महत्त्व ओसरले, पण अशी शस्त्रे राजांच्या अंगरक्षकांच्या हाती राहिली. आपल्या भालदार-चोपदारांप्रमाणे त्यांचे काम मान आणि धाक दाखवण्याचे. सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनच्या रक्षकांच्या पात्यांवर १५६४ हे साल दिसते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या रक्षकांच्या भाल्यांवर त्याचे सूर्यचिन्ह झळकते.

ही नक्षी काढली कशी? पाते मेणाने किंवा रोगणाने झाकायचे, सुईने ओरखडून हवा तेवढाच धातू उघडा करायचा आणि त्यावर व्हिनेगर, मीठ, नवसागर, मोरचूद अशांचे मिश्रण लावायचे. उघडा धातू झिजतो, झाकलेला तसाच राहतो. सोन्याचा मुलामा हवा असेल तर सोने पाऱ्यात मिसळून लावायचे आणि तापवायचे. पारा उडून जातो, सोने उरते. ती विषारी वाफ मात्र कारागिराच्या छातीत जाई.

ही विद्या शस्त्रांपुरती राहिली नाही. जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा डॅनियल हॉप्फर चिलखतांवर अशी नक्षी करत असे. १५००च्या सुमारास त्याने हीच युक्ती लोखंडी पत्र्यावर वापरली आणि त्यावरून कागदावर चित्रे छापली. ड्यूररने १५१८ मध्ये 'तोफ' हे चित्र याच पद्धतीने केले. आज सर्किट बोर्डवरचे तांब्याचे मार्गही याच तत्त्वावर तयार होतात: हवे ते झाका, उरलेले रसायनाला खाऊ द्या.

म्हणून एखाद्या गोष्टीला 'नुसती शोभेची' म्हणण्याची घाई करू नये. राजाला हवा होता दिमाख. त्यापायी कारागिरांनी हाताशी आणलेले रसायनशास्त्र राजापेक्षा जास्त टिकले. संग्रहालयातल्या पाटीवर राजाचे नाव ठळक असते. तिथेच त्या आम्लाबद्दल आणि पाऱ्याबद्दलही दोन ओळी असायला हव्यात. त्या नसतील, तर सोबतच्या मुलांना तुम्हीच सांगा.