राहिलेली एक टिक

सबमिशनचा आठवडा आला की आपल्या होस्टेलचा नूर पालटतो. एरवी अकराला उठणारे महाभाग सकाळी सातला झेरॉक्सवाल्याच्या दारात उभे! कुणाच्या जर्नलवर सही राहिलेली, कुणाची फाईल रूम पार्टनरने गावाला नेलेली, कुणाला शीटची जीटी मारायला काच मिळत नाही. या गोंधळात एखादाच प्राणी निवांत चहा पीत बसलेला असतो. त्याच्या मोबाईलमध्ये टू-डू लिस्टचं ॲप असतं आणि त्यातल्या सगळ्या कामांवर टिक झालेली असते.

दोन वर्षांपूर्वी, टी.ई.ला असताना, तो प्राणी मी होतो. आणि मित्रांनो, त्याच वर्षी माझा इयर डाऊन झाला.

आधीच सांगतो, मी ॲपवर खापर फोडायला बसलेलो नाही. ॲपने त्याचं काम चोख केलं. पाच तारखेला मेसचं बिल भरायची आठवण केली, लायब्ररीचा दंड वाचवला. प्रोजेक्ट ग्रुपची यादी सगळ्यांच्या मोबाईलवर एकच असल्याने ‘मला वाटलं तू आणणार होतास’ हे वाक्यच बंद झालं. परीक्षेचा फॉर्म मी आयुष्यात पहिल्यांदा लेट फीशिवाय भरला. आईला तर कोण कौतुक!

फक्त एक काम त्या यादीत पहिल्या दिवसापासून होतं : ‘एम-थ्री’. एस.ई.ची राहिलेली केटी. रोज रात्री मी यादी उघडायचो, कपडे धुतले, टिक. रिचार्ज केला, टिक. प्रिंट काढल्या, टिक. मग उरलेल्या एम-थ्रीवर बोट ठेवायचं आणि ते उद्यावर सरकवायचं. एका सेकंदाचं काम. यादी रिकामी, मन हलकं, दिवस सार्थकी! पुढे उद्याचा परवा झाला, परवाची पीएल झाली, आणि पीएलमध्ये इतर पाच विषय होतेच की.

निकाल लागला. एम-थ्री पुन्हा गेला, म्हणून फायनल इयरला ॲडमिशन नाही. बाबांनी फोनवर आवाज न चढवता एकच विचारलं, “वर्षभर काय करत होतास रे?” उत्तर माझ्या खिशात होतं. ॲपमध्ये वर्षभरात पूर्ण केलेल्या कामांचा आकडा हजाराच्या वर होता. तो बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. माझं एक वर्ष पुढे गेलं, ते नेमकं धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनच्या वर्षावर जाऊन बसलं. घरात एकदम दोन फिया आल्या. त्यावर कुणी मला बोललं नाही, हेच जास्त लागलं.

त्या वर्षी घरी बसून जुन्या वह्या चाळताना ऑपरेटिंग सिस्टिमची वही हाती लागली. प्रोसेस शेड्यूलिंगचा धडा. कॉम्प्युटरवाल्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसरपुढे कामांची रांग असते. ‘शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट’ या पद्धतीत सगळ्यात छोटं काम आधी उरकतात. त्यामुळे सरासरी थांबण्याचा वेळ कमीत कमी होतो. गोची एकच : छोटी कामं येतच राहिली तर मोठ्या कामाचा नंबर कधीच लागत नाही. याला ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, म्हणजे उपासमार. आपण ज्याला नुसतं ‘गॅल्विन’ म्हणतो त्या पुस्तकात एक ऐकीव किस्सा आहे. १९७३ साली एमआयटीमधला आयबीएम ७०९४ हा कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा म्हणे त्यात १९६७ साली दिलेलं एक काम सापडलं. सहा वर्षं ते रांगेत होतं! खरं-खोटं देव जाणे. सरांनी सांगितला तेव्हा सगळा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. तेव्हा माझ्या खिशात तेच चाललं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. टिकची गोडी आपल्याला ‘शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट’ बनवते. बादली धुतली तरी एक टिक आणि एम-थ्री सुटला तरी एकच टिक, मग हात कुठे जाणार? आपण आळशी नसतो, उलट दिवसभर कामात असतो. म्हणून तर ही उपासमार आपल्याला दिसत नाही.

कुणी म्हणेल, ॲप काढून टाक आणि सरळ वही घे. वहीलाही हा रोग होतोच. पण वहीत राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी हाताने पुन्हा लिहावं लागतं. चौथ्यांदा ‘एम-थ्री’ लिहिताना स्वतःचीच लाज वाटते. ॲपमध्ये ढकलणं फुकट आहे, खरी ग्यानबाची मेख तिथे आहे.

यावरचा उपायही त्याच धड्यात आहे : ‘एजिंग’. जे काम जितकं जास्त थांबलं, तितका त्याचा मान वाढवत न्यायचा. मी नियम केला की तीनदा ढकललेलं काम चौथ्या दिवशी सगळ्यांत वर, आणि त्याला अर्धा तास दिल्याशिवाय बादलीलासुद्धा हात लावायचा नाही.

दुसरं म्हणजे ‘एम-थ्री’ हे काम नव्हे, तो विषय आहे. काम असं लिहायचं : ‘लॅप्लास, पाच गणितं, रीडिंग रूम, रात्री साडेनऊ’. मॅसिकाम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत केला की ते छळायचं थांबतं.

तिसरं, आजच्या यादीत पाचच कामं. आपला अंदाज चुकतो हो! १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा थिसिस कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा निघाला, लागले ५५ हून जास्त. आणि ही सिन्सिअर मुलं होती, आपल्या विंगमधली नव्हेत!

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. सगळ्या विषयांची जर्नल्स, असाइनमेंट्स आणि सह्या टर्मच्या शेवटच्या आठवड्यात न ठेवता दर पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या तपासल्या तर? ऐन अभ्यासाच्या दिवसांत छोट्या कामांचा एवढा मारा झाला की मोठं काम उपाशी राहणारच. लिस्ट कितीही चांगली असली तरी रांग लावणारे तुम्हीच आहात.

पुढच्या परीक्षेत एम-थ्री सुटला. मार्क सांगण्यासारखे नाहीत, पण सुटला. त्या दिवशी ॲप उघडून टिक मारली. आवाज बादलीच्या टिकसारखाच आला. घरी फोन केला तेव्हा मात्र बाबा जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “जेवलास का?”

तर मित्रांनो, ॲप जरूर वापरा, मी आजही वापरतो. फक्त आज झोपायच्या आधी यादीतलं सगळ्यात जुनं काम शोधा. ते उद्यावर ढकलू नका. वही काढा आणि त्यातला पहिला अर्धा तास आजच उरकून टाका. मेसचं बिल काय, उद्याही भरता येईल.