गोळीआधी कारण, गोळीनंतर वजनकाटा

‘डॉक्टरांनू, झिलाक कायतरी गोळी दिया.’ स्वमग्न मुलांचे पालक बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा अनेकदा मागणी हीच असते. मूल चावते, भावंडांना मारते, स्वतःचे डोके भिंतीवर आपटते. रात्र रात्र जागलेल्या आईने औषध मागितले म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे आहे. आक्षेप आहे तो आम्हा डॉक्टरांच्या पद्धतीला. गोळीआधी जे तपासायचे आणि गोळीनंतर जे पाहत राहायचे, ते आपल्याकडे सर्रास राहून जाते.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. तो बरा करणारे औषध नाही. रिस्पेरिडोन आणि एरिपिप्राझोल ही औषधे चिडचिड व आक्रमकता कमी करतात. मुलाला बोलायला किंवा मिसळायला शिकवत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी पहिल्याला २००६मध्ये आणि दुसऱ्याला २००९मध्ये मान्यता दिली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिस्पेरिडोनच्या चाचणीत १०१ मुले होती. आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. म्हणजे गुण नक्की येतो. पण तेवढ्याच काळात औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.७ किलोने वाढले, दुसऱ्या गटाचे ०.८ किलोने.

म्हणून आधी कारण शोधावे. बोलता न येणारे मूल दुखणे अंगाने सांगते. किडलेला दात, फुटलेला कान, चार दिवस न झालेली शौच, अपुरी झोप यांपैकी काहीही मागे असू शकते. आकडीसाठी लेव्हेटिरॅसेटाम चालू असेल, तर कधी कधी त्यानेच चिडचिड वाढते. आंबोलीत पाऊसही कारण ठरतो. पावसाळ्यात दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही, वीज जाते, रोजचा क्रम मोडतो आणि मूल बिथरते. चतुर्थीला घर माणसांनी भरते. झांजा आणि फटाके अशा मुलाला असह्य होतात. पालकांनी एक वही ठेवावी. मूल केव्हा बिथरले, त्याआधी काय घडले, त्यानंतर घरच्यांनी काय केले, एवढेच लिहावे. दोन आठवड्यांची ही वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

एवढे करूनही मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर संकोच न करता औषध द्यावे. मात्रा कमीत कमी ठेवावी. सुरू करतानाच वजन, उंची, रक्तातील साखर आणि चरबी तपासावी व ठरावीक अंतराने पुन्हा पाहावी. भूक फार वाढणे, दिवसभर गुंगी, मान आखडणे, तोंडाच्या किंवा हातांच्या नकळत हालचाली, छातीला सूज यांपैकी काही दिसले, तर लगेच दाखवावे. औषध मनाने बंद करू नये. २००५च्या एका पाहणीत, गुण आलेल्या मुलांचे रिस्पेरिडोन सहा महिन्यांनी हळूहळू थांबवले, तेव्हा दहापैकी सुमारे सहा मुलांचा त्रास परतला. उरलेल्यांचे औषधावाचून निभावले. आपले मूल कुठल्या गटातले, हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मात्रा उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. तज्ज्ञ ओरोसला, बांबोळीला किंवा बेळगावला. बिथरलेल्या मुलाला घेऊन घाटातून एसटीने जायचे, वर दिवसाचा रोजगार बुडवायचा. मग जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी वर्षानुवर्षे आणली जाते. मुलाचे वजन मात्र कोणी केलेले नसते.

यावर उपाय खर्चिक नाही. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून अंगणवाड्या आणि शाळांत जात आहेत. अशा औषधावरील प्रत्येक मुलाची नोंद तालुक्यात ठेवावी, मोजमाप गावाजवळ व्हावे आणि तज्ज्ञाने ते दूरध्वनीवरून पाहून मात्रा ठरवावी. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक थकलेल्या पालकांसाठीही आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. या मुलांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली आजचे वजन आणि फेरतपासणीची तारीख लिहिलेली असावी. ती नसेल, तर पालकांनी बेधडक मागावी.