ओळख न पटलेल्याचीही नोंद हवी

खोल समुद्रातील दुर्मीळ जीव किनाऱ्यावर वाहून आला की बघ्यांची गर्दी होते, छायाचित्रे फिरतात आणि लवकरच कलेवर पुरले जाते. पुढे त्या जीवाविषयी काय कळते, हे प्रथम पोहोचलेल्या माणसाने काय टिपून ठेवले यावर बरेचसे अवलंबून असते.

न्यूझीलंडमधील स्पेड-टूथ्ड व्हेल या देवमाशाचा इतिहास याची साक्ष देतो. १८७२ मध्ये पिट बेटावर सापडलेल्या जबड्यावरून ही जात विज्ञानाला ठाऊक झाली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ हाती आली ती केवळ काही हाडे. डिसेंबर २०१० मध्ये ओपापे किनाऱ्यावर एक मादी व तिचे पिल्लू वाहून आले. नेहमी आढळणाऱ्या दुसऱ्या जातीचे समजून ते पुरण्यात आले. परंतु तत्पूर्वी शासकीय कर्मचाऱ्यांनी मोजमापे, छायाचित्रे व ऊतींचे नमुने घेतले होते. त्या नमुन्यांच्या डीएनए तपासणीतूनच खरी ओळख पटली. जुलै २०२४ मध्ये ओटागो किनाऱ्यावर सुमारे पाच मीटर लांबीचा नर आढळला, तेव्हा तो शीतगृहात जपून ठेवला गेला. डिसेंबरमध्ये इन्व्हर्मे येथील कृषी संशोधन केंद्रात, स्थानिक माओरी समाजाच्या सहभागाने, या जातीचे पहिले शवविच्छेदन झाले. त्याच्या जठराला नऊ कप्पे असल्याचे प्रथमच कळले.

कृषी विस्तारकार्यासाठी यातील बोध थेट आहे. अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर झाली. अशी अनोळखी कीड ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून दिली, तर पुढचा हंगाम त्याची किंमत मोजतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्याच्या अहवालात ‘ओळख पटली नाही’ असा रकाना असावा आणि तो भरणे कमीपणाचे मानले जाऊ नये. तारीख, ठिकाण, मोजपट्टीसह छायाचित्र आणि किडीचा नमुना एवढे कृषी विज्ञान केंद्रापर्यंत पोहोचले, तरी तज्ज्ञांना धागा मिळतो.

किनारपट्टीवरील वाचकांनी मात्र एक भान ठेवावे. देवमाशांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे; त्यांचे दात वा हाडे उचलू नयेत. छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि वन विभागास तत्काळ कळवावे. नाव शोधण्याचे काम प्रयोगशाळा नंतरही करू शकते. वाया गेलेला नमुना परत मिळत नाही.