हिरवळीची तहान आणि टँकरचे पाणी

गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. एप्रिल-मेमध्ये किनारपट्टीवरील हॉटेलांची हिरवळ टिकते ती विहिरी आणि टँकरच्या पाण्यावर. दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरले, तरी 1,000 चौरस मीटर हिरवळीला रोज 5,000 लिटर लागते. त्याच दिवसांत अनेक गावे टँकरची वाट पाहत असतात. वास्तविक लॉनवरचे बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहायची दूर्वा. उन्हाळ्यात ती वरून वाळते, जमिनीखाली जिवंत राहते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. बारमाही हिरवेपणा हवा असतो तो पर्यटन व्यवसायाला. विहिरी व भूजलाची टँकर-वाहतूक 2002 च्या भूजल नियमन कायद्याखाली येते. उन्हाळ्यात हिरवळीसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरावे, ही अट परवान्यात घालणे सरकारला अवघड नसावे.