टायर त्यांचे, धूर आमचा

जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. त्यात दोन स्त्रिया आणि दोन बालके यांचा बळी गेला. कारखान्यात बालके काय करीत होती, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या धंद्याचे अर्थशास्त्र पाहिलेले नाही. ज्या मजुराला राहावयास अन्य जागा नाही, त्याचे बिऱ्हाड भट्टीच्या सावलीतच मांडले जाते. तेथे युरोपातून आलेल्या टायरांवर प्रक्रिया होत होती, असे बीबीसीने त्यानंतर केलेल्या पाहणीत आढळले. मंत्र्यांनी आश्वासन दिले, वाड्यातील सात कारखान्यांना टाळे लागले, आणि प्रश्न सुटला असे मानून शासनयंत्रणा आपल्या कामाला लागली.

प्रश्न सुटलेला नाही, कारण तो सात कारखान्यांचा नाहीच. तो नियमांच्या रचनेचा आहे.

नियमांची वाण आहे असे कोणी म्हणू नये. घातक व इतर कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नियम २०१६ पासून लागू आहेत. मालाची वाहतूक कशी करावी, पाठविणाऱ्याने, वाहतूकदाराने आणि घेणाऱ्याने कोणत्या कागदावर सह्या कराव्यात, कोणती प्रत कोणत्या मंडळाकडे जावी, हे सारे त्यांत आहे. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने तर तेल किंवा काजळी तयार करण्यासाठी बाद टायर आयात करण्यास स्पष्ट मनाई केली. मात्र रबराचा चुरा किंवा पुनःप्राप्त रबर बनविण्यासाठी आयातीचे दार खुले ठेवले, आणि देशातील टायरांपासून तेल काढण्यासही मुभा ठेवली.

खरी मेख येथे आहे. बंदी वस्तूवर नसून हेतूवर आहे. बंदरात उतरलेल्या टायरावर ‘माझा चुरा होणार’ किंवा ‘मी भट्टीत जाणार’ असे लिहिलेले नसते. कागदावर चुरा करणाऱ्या कारखान्याचे नाव असते. ट्रक कोठे वळेल ते त्या दिवशीचा भाव ठरवितो. एकदा टायर ढिगात मिसळला की तो इंग्लंडचा की इंदापूरचा, हे भट्टीवाल्यालाही सांगता येणार नाही. बीबीसीने टायरांत दडविलेल्या यंत्रांनी नेमका हाच प्रवास २०२५ मध्ये जगापुढे मांडला. जो नियम पाळला गेला की मोडला गेला हे समजण्यासाठी प्रत्येक ट्रकमध्ये एक निरीक्षक बसवावा लागतो, तो नियम मोडण्यासाठीच केलेला असतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती कोणती?

आता या भट्टीचा हिशेब पाहावा. प्राणवायू वगळून तापविलेल्या टायरातून सुमारे चाळीस टक्क्यांवर तेल निघते, एक तृतीयांशाच्या आसपास काजळी, उरलेली पोलादी तार आणि वायू. अखंड चालणारी, बंदिस्त यंत्रणा उभारावयाची तर भांडवल मोठे लागते. त्याउलट ‘घाण्या’ पद्धतीच्या भट्टीत टायर हातांनी भरतात, पिंप पुरते निवण्याआधीच झाकण उघडतात, आणि काजळी फावड्याने ओढतात. हे स्वस्त पडते. परंतु स्वस्त कोणाला? वायुगळतीचा धोका मजुराच्या वाट्याला, काजळी शेजारच्या भातखाचरांच्या वाट्याला, आणि नफा मालकाच्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जी माहिती ठेवली तीनुसार १९ राज्यांतील ६३७ कारखान्यांपैकी २७० कारखाने नियम पाळीत नव्हते आणि ११६ बंद होते. नियम पाळणारे केवळ २५१! विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच दाखवून दिले होते की असे ‘सामाजिक खर्च’ ही बाजारव्यवस्थेतील अपघाती चूक नव्हे. खाजगी उद्योगाचा नफा पुष्कळदा त्यांतूनच निर्माण होतो.

हे टायर येथे येतात तरी का? वेल्समधील हेयोप येथे १९८९ मध्ये टायरांच्या प्रचंड ढिगाऱ्याला लागलेली आग पंधरा वर्षे धुमसत होती. युरोपीय संघाने २००३ मध्ये अखंड टायर आणि २००६ मध्ये त्यांचे तुकडेही जमिनीत पुरण्यास बंदी केली. निर्णय योग्यच होता. परंतु स्वतःच्या भूमीचे रक्षण करणाऱ्यांनी तो कचरा दुसऱ्याच्या भूमीत जाण्याची वाट मोकळी ठेवली. पुनर्प्रक्रियेसाठी निघालेला बाद टायर बाझल कराराच्या यादीत घातक गणला जात नाही, हे त्यांच्या पथ्यावरच पडले. ही वाट बंद करता येत नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२१ पासून, मोजके अपवाद वगळता, अखंड बाद टायरांची निर्यात थांबविली. ब्रिटनला मात्र आपल्या धोरणाचे पुनरावलोकन हाती घेण्यासाठी २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेही न्यायालयीन आव्हान उभे राहिल्यावर.

या व्यवहारामागे एक तत्त्वज्ञान आहे. डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक बँकेचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीच्या एका टिपणात असा युक्तिवाद होता की जेथे मजुरी सर्वांत कमी तेथे विषारी कचरा टाकणे आर्थिकदृष्ट्या तर्कशुद्ध ठरते, कारण तेथील माणसाच्या आजारपणाने बुडणारी कमाईही कमी असते. ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा पुढे करण्यात आला. खुलासा मान्य करू. परंतु ज्याला उपरोध म्हटले गेले तेच बंदराबंदरांत व्यवहार म्हणून चालू आहे, त्याचे काय?

यावर सरकारचे उत्तर म्हणजे ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’. टायर बनविणाऱ्याने २०२२-२३ मध्ये पस्तीस टक्के, पुढील वर्षी सत्तर टक्के आणि २०२४-२५ पासून शंभर टक्के इतक्या प्रमाणात पुनर्प्रक्रियेची जबाबदारी घ्यावी, असे हे तत्त्व आहे. तत्त्व उत्तम, परंतु ते अमलात येते प्रमाणपत्रांच्या खरेदीविक्रीतून. कंपनी स्वतः एकही टायर उचलीत नाही, ती कागद विकत घेते. प्लॅस्टिकच्या बाबतीत हाच मार्ग अवलंबिला तेव्हा २०२३ मध्ये सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. जबाबदारी बाजारात विकावयास काढली की तिचीही बनावट प्रत निघणारच!

इकडे गावाबाहेरच्या नाल्यात रात्री टायर ओतून पळणारा टेंपोवाला मात्र सापडतो. दंड त्याला होतो, किंवा पंक्चरवाल्याला, किंवा भंगारवाल्याला. टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढले की फवारणीचा खर्च नगरपालिका करते आणि औषधाचा खर्च रोग्याचे कुटुंब करते. टायर विकून ज्याने नफा घेतला त्याचे नाव या साखळीत कोठेच येत नाही.

या धंद्यातून रोजगार मिळतो, इंधन मिळते, असे सांगितले जाईल. रोजगार मिळतो हे खरे. परंतु ज्या रोजगारात लेकरांसह मरणे ही शक्यता गृहीत धरलेली आहे, त्याला रोजगार म्हणावयाचे की वेठ? मजुरांची पोटे पुढे करून मालकांचे नफे राखणे हा युक्तिवाद गिरण्या, खाणी आणि विडीचे कारखाने यांच्याही वेळी झाला होता. कामगार चळवळीने तो तेव्हाही मानला नाही. सुरक्षित, बंदिस्त कारखान्यांतही माणसे लागतात. फक्त तेथे मालकाला त्यांच्यावर खर्च करावा लागतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. हेतूवर आधारलेली बंदी रद्द करून बाद टायरांची आयातच पूर्णपणे थांबवावी; देशातील बाद टायरांचा ढीगच पुरेसा आहे. घाण्या पद्धतीच्या भट्ट्या ठराविक मुदतीत बंद कराव्यात आणि तेथील मजुरांच्या पुनर्वसनाचा भार मालक व टायर कंपन्या यांच्यावर टाकावा. प्रत्येक विक्रीकेंद्रावर ग्राहकाकडून जुना टायर परत घेणे कंपन्यांना सक्तीचे करावे, त्याच्या वाहतुकीचा खर्च त्यांच्याकडून घ्यावा, आणि बेवारस सापडलेल्या टायरांची विल्हेवाट लावण्याचा नगरपालिका व ग्रामपंचायतींचा खर्चही त्यांच्याकडूनच वसूल करावा. वाड्यासारख्या आदिवासीबहुल तालुक्यात ग्रामसभेच्या संमतीवाचून असा कारखाना उभा राहू नये, आणि मंडळाचे तपासणी अहवाल गावाच्या चावडीवर मराठीत लावले जावेत.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवे विज्ञान लागत नाही. लागतो तो मूठभरांच्या नफ्याला हात घालण्याचा निर्धार. तो सत्ताधाऱ्यांत आपोआप उत्पन्न होत नाही, हा आजवरचा अनुभव आहे. तो संघटित जनतेला त्यांच्यावर लादावा लागतो.