शी-शूचे काम आणि बापाचे हात

मराठीत लहान मुलाच्या विष्ठेला 'शी' म्हणतात, आणि किळस आली की तोंडातून निघणारा उद्गारही 'शी' हाच. भाषाशास्त्रज्ञ याची काय उपपत्ती लावतील ती लावोत. घरात मात्र या योगाचा परिणाम रोज दिसतो. मूल ज्या गोष्टीचे नाव शिकते, तिचा तिटकाराही त्याच वेळी शिकते. आणि घरातला कर्ता पुरुष तो उद्गार काढून, नाकाला रुमाल लावून दुसऱ्या खोलीत निघून जातो. मुलांना शौचाची सवय लावणे हा प्रश्न आपल्याकडे मुलाचा, किंवा फार तर आईचा, म्हणून चर्चिला जातो. वस्तुतः तो निघून जाणाऱ्या त्या पुरुषाचा प्रश्न आहे, एवढेच मला येथे प्रतिपादावयाचे आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात हा विषय अशिष्ट वाटेल, हे मी जाणून आहे. परंतु ज्या कामात घरातील एका माणसाचे दिवसाचे कित्येक तास आणि आयुष्याची दोन-तीन वर्षे जातात, ते काम उच्चारण्यास साहित्याला संकोच वाटत असेल, तर दोष कामाचा नव्हे. आईच्या मायेवर आपण भरभरून लिहिले. त्या मायेचा बराचसा भाग दुपटी धुण्यात खर्च झाला, हे मात्र लिहावयाचे राहिले.

माझ्या घरी जुळी मुले आहेत. मुलगी अकरा मिनिटांनी मोठी, मुलगा धाकटा. आम्ही उभयता केंद्र सरकारचे कारकून, दिल्लीतील दोन खोल्यांच्या सरकारी निवासात राहणारे. सासू, नणंद, आत्या यांपैकी कोणी जवळ नाही. जुळ्यांच्या बाबतीत हे काम साध्या अंकगणितावर येऊन ठेपते. मुलाला शौचाची भावना बहुधा सकाळी उठल्यावर किंवा दूध प्याल्यावर होते. पोटात अन्न गेले की आतड्यांना चालना मिळते, असा शरीराचा क्रम आहे. दोघे एकाच वेळी उठतात, एकाच वेळी दूध पितात. एकाला धुवावे तर दुसरे भांड्यावरून उठून पळते. पळणाऱ्याला धरावे तर धुतलेले पुन्हा जमिनीवर बसते. मुले दोन, भांडी दोन, आणि आईचे हातही दोनच. पण एका मुलालाच दोन हात लागतात. एकट्या मुलाच्या घरी ही तूट आई स्वतःच्या झोपेतून भरून काढते, म्हणून ती कोणाला दिसत नाही. जुळ्यांच्या घरी ती लपविता येत नाही, इतकाच फरक.

या ठिकाणी जुन्या काळाचे अभिमानी पुढे येतात. 'आमच्या वेळी मूल वर्षाचे होण्याच्या आतच सांगू लागे. आजच्या आया आळशी झाल्या,' असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडची जुनी पद्धत चांगली होती यात वाद नाही. आजी पाय पसरून बसे, तान्ह्याला आपल्या दोन पायांवर बसवी आणि 'शूऽऽ' असा आवाज करी. मुलाला त्या आवाजाची ओळख पटे. पण त्या पद्धतीत कोण काय शिकत होते, हे नीट पाहावे. मूल शिकत नव्हते. घरातील तीन-चार बायका मुलाची वेळ, त्याचा चेहरा, त्याची चुळबूळ शिकत होत्या. ती पद्धत बायकांच्या पायांवर उभी होती. ते पाय घरातून गेले, आणि त्यांच्या जागी बापाचे पाय आले नाहीत. मग आळशी कोण झाले?

शरीरशास्त्राचे म्हणणे तर फार सरळ आहे. मूत्राशय व गुदद्वार यांच्या स्नायूंवर स्वतःच्या इच्छेने ताबा येण्यास मज्जासंस्थेची वाढ व्हावी लागते. ती धाकाने लवकर होत नाही. मुलाला बसता-उठता यावे, दोन-चार शब्दांत सांगता यावे, चड्डी खाली ओढता यावी, आणि ओले झाल्याची जाणीव व्हावी, ही तयारीची लक्षणे. ती बहुतेक मुलांत दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात. १९६२ साली ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १,१७० मुलांच्या नोंदींवरून मुलाच्या कलाने जाणारी पद्धत मांडली. त्या मुलांचे दिवसा कोरडे राहू लागण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होते. रात्रीचा ताबा त्याहून उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा रोग समजत नाहीत. मुलगे पुष्कळदा मुलींच्या मागून शिकतात. यात लाजण्यासारखे काही नाही आणि फुशारकी मारण्यासारखेही काही नाही.

पण घाई झालेल्या घरात हे शास्त्र टिकत नाही. आमच्या मुलीने सव्वादोन वर्षांची असताना सांगावयास प्रारंभ केला. त्यानंतर घरी येणारा प्रत्येक पाहुणा धाकट्याला उद्देशून म्हणे, 'बघ, ताई किती शहाणी! तू अजून बाळच!' अकरा मिनिटांच्या वडीलपणाचा एवढा बोभाटा क्वचितच कोठे झाला असेल. परिणाम असा झाला की मुलगा पडद्याआड जाऊन, मुठी आवळून, शी रोखून धरू लागला. रोखलेला मळ कडक होतो. कडक मळ बाहेर येताना दुखते. दुखले म्हणून मूल आणखी रोखते. हे चक्र एकदा सुरू झाले की महिनेच्या महिने पुरते. आम्ही पाहुण्यांना ती स्तुती बंद करण्याची विनंती केली आणि सकाळची वाटणी केली: एक मूल, एक मोठे माणूस, एक भांडे. मुलगी आईकडे, मुलगा माझ्याकडे, आठवड्याने अदलाबदल. बहिणीनंतर पाच महिन्यांनी तोही सांगू लागला. यात युक्ती कसलीच नव्हती. त्याच्यासमोर दहा मिनिटे न उठता, न रागावता बसणारे एक माणूस त्याला मिळाले, एवढेच.

आता या दहा मिनिटांचा हिशेब सरकार-दरबारी कसा मांडला आहे तो पाहू. शासकीय सेवकाने शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, असा आचारनियम आहे, आणि तो मला ठाऊक आहे. म्हणून मी टीका करीत नाही; रजेचे नियम केवळ वाचून दाखवितो. १९७२ च्या रजा-नियमांप्रमाणे पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वरजा मिळते ती पंधरा दिवसांची, आणि ती मूल सहा महिन्यांचे होण्याच्या आत घ्यावयाची. जुळी झाली म्हणून पंधराचे तीस होत नाहीत. स्त्री कर्मचाऱ्याला मात्र मुले अठरा वर्षांची होईपर्यंत, सबंध सेवेत मिळून, ७३० दिवसांची बालसंगोपन-रजा आहे. २०१८ साली ही रजा पुरुषालाही खुली झाली. पण कोणत्या पुरुषाला? जो एकटा आहे त्याला. म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. ज्याची पत्नी जिवंत आहे आणि त्याच्याच घरात नांदते आहे, त्या बापाला संगोपन करण्याचे कारणच नाही, असा या नियमाचा सरळ अर्थ होतो.

आम्ही उभयता एकाच श्रेणीत, एकाच वेतनस्तरावर. मुले दोघांची. रजा तिची. वरवर पाहता हा स्त्रीवर केलेला उपकार वाटतो. तो तसा नाही. ७३० दिवस तिच्या नावावर लिहून ठेवले की काम आपोआप तिच्या नावावर लिहिले जाते; शिवाय ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर करणाऱ्याच्या मर्जीवर असते. माझ्या पत्नीने त्यातले चार महिने घेतले, तेव्हा तिच्या कार्यालयात कुजबुज झाली की बायकांना काम नको असते. मी दोन दिवसांची अर्जित रजा मागितली आणि 'कारण' या रकान्यात 'मुलांना शौचाची सवय लावणे' असे लिहिले. 'घरगुती कारण' असे लिहून पुन्हा सादर करावा, अशा शेऱ्यासह तो अर्ज परत आला. कोणाची मुद्दाम अडवणूक करण्याचा हेतू त्यात नसेल. पण बापाच्या बाबतीत ते काम कागदावरसुद्धा उच्चारण्याजोगे नव्हते, हे त्या शेऱ्याने स्पष्ट केले.

सरकारी आकडेही हेच सांगतात. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातील माणसांच्या विनावेतन संगोपनाच्या कामात शंभरांपैकी सुमारे अठ्ठावीस स्त्रिया गुंतलेल्या होत्या, आणि पुरुष चौदा. जे पुरुष गुंतले होते त्यांचा दिवसाचा वेळ सरासरी ७६ मिनिटे, तर स्त्रियांचा १३४ मिनिटे. त्या ७६ मिनिटांतही मुलाला फिरावयास नेणे किती आणि त्याची शी काढणे किती, हे पाहणीत वेगळे दिलेले नाही. प्रत्येक वाचकाने आपापल्या घरापुरते ते उत्तर मनाशी द्यावे.

या तुटीत व्यापार शिरला तर नवल काय? एकदा वापरून फेकावयाचा डायपर म्हणजे बापाच्या गैरहजेरीचे विकत घेतलेले रूप होय. मी डायपरचा वैरी नाही. दिल्लीच्या जानेवारीत, धुक्यामुळे चार-चार दिवस ऊन पडत नाही आणि लंगोट वाळत नाहीत, तेव्हा त्याची सोय मीही जाणतो. पण त्यातील रसायन ओल इतकी शोषून घेते की मुलाला आपण ओले झाल्याचे कळतच नाही, आणि जाणीव नसेल तर शिकण्याचा आरंभच लांबतो. पुढे तो डायपर जातो कोठे? २०१६ च्या घनकचरा-नियमांनी तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यावा असे सांगितले. आपल्यापैकी किती घरांतून तो तसा दिला गेला? तो उघडा टाकला जातो आणि कचरा वेगळा करणाऱ्या कोणाच्या तरी उघड्या हातात पडतो. ज्या घाणीला बापाने हात लावला नाही तिला हात लावणारे माणूस कोणत्या वस्तीतून येते, हे सांगावयास नको.

यास्तव ही गोष्ट केवळ घरगुती नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास-सफाईचे काम मागितले. उच्चवर्णीयाला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास केला. ज्या समाजातील एका पदवीधराने परक्यांची घाण काढण्याच्या हक्कासाठी अन्न सोडले, त्याच समाजातील पदवीधर आज स्वतःच्या मुलाला धुण्यास 'अगं, ऐकलंस का' अशी हाक मारतो.

दुसरे उदाहरण गुजरातेतले, पण मराठी वाचकाला जवळचे. गिजुभाई बधेका हे वकील. त्यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. आमच्या ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी अनुताई वाघांसह बोर्डीला काम आरंभिले, आणि मुलाची अंगस्वच्छता हा शिक्षणाचाच भाग मानला. गिजुभाईंना लोक प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. हा गौरव खरा. पण त्यातील दारिद्र्यही पाहावे. पुरुषाने लहान मुलांचे सर्व काही मनापासून केले, तर त्याला आई म्हणावे लागते. त्यासाठी 'बाप' हा शब्द आपल्याला पुरेसा वाटत नाही.

कोणी म्हणेल, पुरुषाला हे जमत नाही. मूल आईलाच ओळखते. मूल ओळखते ते हाताला. जो हात रोज धुतो त्याला ते ओळखते. कोणी म्हणेल, नोकरीमुळे वेळ नाही. वेळ नसल्याची सबब माझ्या पत्नीलाही तितकीच लागू होती. तिची ती कोणी विचारात घेतली नाही. कोणी म्हणेल, पुरुषाच्या प्रतिष्ठेला हे शोभत नाही. त्याला उत्तर देण्यात मी शाई खर्च करणार नाही.

माझे मागणे मोजके आहे. पतिपत्नी दोघेही शासनाच्या सेवेत असतील, तर संगोपन-रजा दोघांनी वाटून घेण्याची मुभा असावी. शासनाचा एक दिवसही त्यात वाढत नाही. मुलाच्या तिसऱ्या वर्षी बापाला काही दिवस सक्तीने रजा मिळावी, कारण पहिल्या सहा महिन्यांत शिकविण्यासारखे यातले काही नसते. ज्या बालशाळा प्रवेश-अर्जात 'मूल शौचाला सांगते काय?' असे विचारून, 'नाही' म्हणणाऱ्यांना परत पाठवितात, त्यांनी निदान 'घरी कोण शिकवितो?' हेही विचारावे. आणि परप्रांतीच्या आपल्या मंडळांतून, जेथे मराठी संस्कृती टिकविण्याविषयी पुरुषांची भाषणे होतात आणि मुले मागच्या खोलीत बायकांजवळ असतात, तेथे भाषणे करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मागच्या खोलीत जाऊन बसावे.

भाषेतून तो शब्द काढून टाकावा असे मी म्हणत नाही. काढणे शक्यही नाही. आमच्या गल्लीतील मुले 'पॉटी' म्हणतात, आमची दोघे अजून 'शी'च म्हणतात, आणि ती तशीच म्हणोत. फक्त त्या शब्दापुढे हाक कोणाला मारावयाची, हे ठरविणे आपल्या हाती आहे. ज्या घरात मूल 'आई, शी' आणि 'बाबा, शी' या दोन्ही हाका सारख्याच भरवशाने मारते, त्या घरात मुलाला शौचाची सवय लागली की नाही याची चिंता करण्याचे कारण नाही. ती लागतेच. लागावयाची सवय असते ती बापाला.